गव्हाविना शिदोरी (भाग ६) : डब्यात काय द्यायचं?

मागच्या भागात सिलिअ‍ॅकचं निदान कसं होतं ते पाहिलं. रक्ताची टीटीजी चाचणी, मग दुर्बिणीतून घेतलेला लहान आतड्याचा नमुना, आणि हे सगळं उरकेपर्यंत मुलाचा गहू आपल्या मनाने बंद करायचा नाही, कारण गहू थांबला की चाचणीत काही सापडेनासं होतं. यावर गोळी नाही, गहू आणि जव आयुष्यभर वर्ज्य हेच औषध, हेही घरच्यांनी मनाशी पक्कं केलं. पण आता विदर्भातल्या शाळा उघडतील. सकाळी सातला ओट्याशी उभं राहून डब्यात काय भरायचं?

बहुतेक घरांची पहिली धाव पाकिटातल्या ग्लूटेनमुक्त ब्रेडकडे असते. तो साध्या ब्रेडच्या कितीतरी पट महाग पडतो, कोरडा लागतो, आणि मूल दोन घास खाऊन बाजूला सारतं. मग आई रडवेली आणि मूल उपाशी. मला वाटतं, इथे सुरुवातच उलटी होते. नागपुरातल्या मुलाने गव्हाच्या ब्रेडची नक्कल खात मोठं व्हावं अशी काहीच गरज नाही.

आपण राहतो कुठे ते बघा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत उत्तरेत शंभरामागे १.२३ लोकांना सिलिअ‍ॅक आढळला, दक्षिणेत ०.१० लोकांना. या आजाराचा आनुवंशिक कल दोन्हीकडे जवळपास सारखा होता. मोठा फरक होता तो गव्हात : उत्तरेत माणशी रोज सुमारे ४५५ ग्रॅम, दक्षिणेत सुमारे २५. नागपूर या दोन टोकांच्या मधलं. उत्तरेकडून मध्य प्रदेशचा गहू येतो, पण पूर्वेला भंडारा-गोंदियाचा धान आहे आणि पश्चिमेला वऱ्हाडची ज्वारी. आपल्या रोजच्या भाताचा एचएमटी तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढलेला. आजीच्या पिढीत वऱ्हाडात रोजची भाकर होती, पोळी सणाला आणि पाहुण्याला. पुढे कपाशी-सोयाबीनने ज्वारीचं शिवार व्यापलं, आणि शिवारासोबत ताटही बदललं. ज्या मुलाला गहू चालत नाही, त्याला द्यायचं सगळं आपल्याकडे होतंच.

भाकर डब्यात नेली की दुपारपर्यंत कडक होते, ही तक्रार मात्र खरी आहे. कणकेत ग्लूटेनचं जाळं असतं, त्यामुळे पोळी लवचिक राहते. ज्वारीत ते नाही. तिथे पीठ धरून ठेवतो तो स्टार्च, आणि तोही आधणाचं पाणी पडल्यावर फुगून चिकट होतो म्हणून. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकर थापतानाच चिरते. म्हणून ज्वारी थोडी थोडी दळावी आणि पीठ आठवड्याच्या आत संपवावं. भाकर गार झाली की फुगलेला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो, तिचा कडकपणा तिथून येतो. यावर जुनी तोड आहे दशमीची. प्रवासाला निघताना पाण्याऐवजी दुधात पीठ मळायचे, ती भाकर जास्त वेळ मऊ राहते. दुसरी तोड थालीपिठाची : कांदा, किसलेला दुधी, भरपूर सांबार (कोथिंबीर) आणि तीळ पिठातच मळले की भाज्यांचा ओलावा आत राहतो. फक्त भाजणी घरची हवी. विकतच्या भाजणीत बहुतेकदा गहू असतोच. ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे आणि जिरे एवढ्यावर उत्तम भाजणी होते, गव्हाची आठवणही येत नाही.

आणि मुलाला सँडविच हवंच असेल तर? मैत्रिणीच्या डब्यात चौकोनी, पांढरं, मध्ये हिरवी चटणी लावलेलं काहीतरी आहे आणि आपल्या डब्यात नाही, हे दुःख सात वर्षांच्या मुलासाठी लहान नसतं. त्याला 'ज्वारी पौष्टिक असते' हे उत्तर देऊ नये. त्याला सँडविच द्यावं.

त्याची सगळ्यात सोपी वाट इडलीच्या पिठातून जाते. ब्रेडमध्ये यीस्ट वायू सोडतं आणि ग्लूटेन तो अडवून धरतं, म्हणून ब्रेड जाळीदार होतो. इडलीत वायू आंबवण्यातून येतो, आणि तो अडवतात उडदाच्या डाळीतली प्रथिनं आणि तिचा बुळबुळीत चिकटपणा. म्हणजे गव्हाशिवाय फुगलेला ब्रेड आपण पिढ्यान्‌पिढ्या वाफवत आलो आहोत. हेच पीठ साच्यात न घालता तेल लावलेल्या खोलगट थाळीत बोटभर जाडीचं ओतायचं आणि पंधरा-वीस मिनिटं वाफवायचं. पूर्ण गार होऊ द्यायचं, गरम असताना सुरी लावली तर चिकटतं. मग चौकोन कापून प्रत्येक चौकोन आडवा मधून चिरायचा आणि तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी बदामी करायचा. आत सांबार-मिरचीची चटणी, पनीर किंवा उकडलेल्या आलूच्या चकत्या. कडा कुरकुरीत, मधे मऊ. हा डबा वर्गात उघडला की बाजूची मुलं हात पुढे करतात, आणि पथ्य पाळणाऱ्या मुलाला नेमकं तेच हवं असतं.

खरा भाजलेला ब्रेडही घरी होतो. त्याचं गुपित औषधाच्या डब्यातलं : इसबगोल. त्याचा भुसा पाण्यात जेलीसारखा होतो आणि ग्लूटेनचं बरंचसं काम करतो. दीडशे ग्रॅम तांदळाचं पीठ, पाऊणशे ज्वारीचं, पाऊणशे साबुदाण्याचं, वीस ग्रॅम इसबगोल, चमचाभर साखर, मीठ, दोन चमचे तेल, सहा ग्रॅम कोरडं यीस्ट आणि साधारण ३५० मिलिलीटर कोमट पाणी. इसबगोल आधी पाण्यात भिजवून घट्ट होऊ द्यायचा, मग बाकी सगळं घालायचं. गोळा कणकेसारखा होत नाही, ओलसर चिखलासारखा राहतो. तसाच राहू द्यावा. घाबरून पीठ वाढवलं की ब्रेडची वीट होते. मळत बसायचं नाही, तिंबण्यासाठी यात ग्लूटेनच नाही. थेट भांड्यात भरून एकदाच फुगू द्यायचं. नागपूरच्या जूनमध्ये ते लवकर फुगतं, लक्ष ठेवावं लागतं. २०० अंशांवर पाऊण ते एक तास भाजायचं आणि पूर्ण निवल्याशिवाय कापायचं नाही. काप करून गोठवले तर आठवडाभर तव्यावर शेकून देता येतात.

एवढी मेहनत घेतल्यावर पाणी कुठे फिरतं, तर चक्कीवर. ज्वारी स्वच्छ निवडून नेली, पण आधीचा घाण गव्हाचा होता. "थोडंसं पीठ लागलं तर काय होते जी, झटकून देतो ना," असं चक्कीवाला भाऊ मनापासून म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंही असतं. हिशोब मात्र वेगळा आहे. २००७ सालच्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेल्यावर सिलिअ‍ॅकच्या रुग्णांच्या आतड्याचं नुकसान दिसलं. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं, म्हणजे त्याचा चाळिसावा भागही रोज गेला तरी पुरे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 'ग्लूटेनमुक्त' लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, ते यासाठीच. परवडत असेल तर घरची छोटी चक्की घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. नसेल तर तांदूळ आणि डाळी धुऊन, वाळवून मिक्सरवर काढा. इतवारीतून ज्वारी आणली तरी घरी नीट निवडून धुऊन घ्या, कारण पोती आणि मापं सगळ्या धान्यांना तीच असतात.

दुसरा चोर हिंगाच्या डबीत असतो. बांधानी हिंगात मैदा मिसळलेला असतो. चिमूटभर फोडणीतून तो वरणात, पोह्यात, गोळाभातात, सगळीकडे जातो. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, डबीवरचे घटक वाचून घ्या. नाही मिळाला तर लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. सातूचं पीठ, माल्ट घातलेली दुधातली पावडर, माल्टचा अर्क असलेले कॉर्नफ्लेक्स, सोया सॉस यांची पाकिटंही उलटून बघावी. ग्लूटेन असलेल्या धान्याचा उल्लेख पाकिटावर करणं कंपन्यांना बंधनकारक आहे. तवा, परात आणि पोळपाट मुलासाठी वेगळे ठेवा. घरभराने ज्वारी-भातच खाल्ला तर तीही दगदग उरत नाही. मी तर हाच सल्ला देईन, कारण एकट्या मुलाचं ताट वेगळं वाढलं की ते त्याला आजाऱ्याचं वाटायला लागतं.

हे सांभाळलं की विदर्भाचं स्वयंपाकघर मोकळं होतं. गोळाभात आणि वडाभात डब्यासाठीच जन्माला आलेले, त्यांत सगळ्या डाळी आणि तांदूळ. पाटोडी बेसनाची, रस्सा वेगळ्या डबीत द्यावा. पोहे घरचे असले की तर्रीसकट चालतात. सांबारवडी मात्र जपून, तिच्या पारीत मैदा किंवा कणीक असते. मधल्या सुट्टीसाठी राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, मुरमुऱ्यांचा चिवडा. उपवासाची भगर आणि साबुदाणा वडा एरवीही करावेत, मुलांना आवडतात. मार्चनंतर दहीभात आणि ओली चटणी डब्यात घालू नये, नागपूरच्या उन्हात दोन तासांत आंबतात. तेव्हा दशमी, थालीपीठ आणि सुकी जवसाची चटणी बरी.

शाळेतही एकदा जाऊन या. वर्गशिक्षिकेला शांतपणे, एका कागदावर लिहून द्या : काय चालतं, काय चालत नाही, दुसऱ्याच्या डब्यातलं का चालत नाही. सरकारी शाळेतला पोषण आहार मुख्यतः भाताचा असतो, तिथे हिंग आणि मसाल्याची तेवढी चौकशी करावी. वाढदिवसाला वर्गात केक वाटला जातो, त्या दिवसासाठी शिक्षिकेकडे आधीच चिक्कीचा डबा ठेवून द्या.

पुढच्या भागात पोळ्याचा स्वयंपाक : पुरण तेच, पण पारी कशाची?