गळती थांबली, पण वासाचे काय?

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या सभेत गळतीचा विषय निघाला नाही, असे वर्ष आठवत नाही. यंदा मात्र त्याला शेपूट जोडले गेले, हरित मानांकनाचे. भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये ‘इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल’ स्थापन केल्यापासून हा शब्द बिल्डरांच्या जाहिरातींतून होता. आता तो आमच्या नोटीस बोर्डावर आला.

मला त्यात रस होता तो मागच्या अनुभवामुळे. दोन वर्षांपूर्वी ऐन जुलैत एका ठेकेदाराने आमच्या न्हाणीघरात काळा, चकचकीत थर चढवला. पावसामुळे खिडक्या बंद. आईला दम्याचा त्रास. ती तीन रात्री माझ्या बहिणीकडे ठाण्याला राहिली. गळती थांबली हे खरे, पण पातळ करायला वापरलेले टोल्यूइन, झायलिनसारखे द्रव उडून जातात ते घरातूनच ना!

मानांकनाच्या ‘लीड’ पद्धतीत डब्यातल्या एका लिटरमागे असे उडून जाणारे किती ग्रॅम, हे पाहतात. त्यासाठी उत्पादकाचे माहितीपत्रक मागावे लागते. डब्यावर हिरवे पान छापलेले असणे म्हणजे पुरावा नव्हे. ‘पाण्यावर आधारित’ म्हणजे शून्य, असेही नाही. न्हाणीघरासाठी आम्ही सिमेंटची भुकटी आणि दुधासारखे पॉलिमर मिसळून लावायचा थर निवडला. त्याच्याबरोबर मागितलेले पत्रक आले, तेव्हा नेमका ग्रॅमचा रकाना कोरा. परत पाठवले.

गच्चीवरून खरा वाद झाला. या नियमात इमारतीच्या जलरोधक थराच्या आत, जागेवर लावलेला मालच मोजतात. सेक्रेटरी म्हणाले, “मग गच्चीवर काहीही चालेल की!” मला ते पटेना. नियमात नसले तरी ब्रश घेऊन उन्हात बसणारा मजूर श्वास घेतोच, आणि वरच्या मजल्याच्या खिडक्याही उघड्याच असतात. शिवाय स्वस्त थर काही वर्षांनी सोलून पुन्हा लावायचा, म्हणजे तोच वास, तोच कचरा पुन्हा.

त्यापेक्षा आपला विटांच्या तुकड्यांचा कोबा बरा, वर फुटक्या पांढऱ्या टाइल्स. त्याला वास नाही, पाण्याला उतार मिळतो, ऊनही परतते. अडचण एकच, वजन. जुन्या स्लॅबवर ते सोसेल का, हे ठेकेदाराने नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनीअरने सांगायचे. आमच्या इंजिनीअरने जुना कोबा आधी पूर्ण काढायची अट घातली. खर्च वाढला, सभा लांबली, चहा दोनदा झाला, आणि ठराव चार मतांनी संमत झाला.

काल आमच्या न्हाणीघरात चाचणीसाठी पाणी तुंबवले आहे. आंघोळी शेजारच्या काकूंकडे चालू आहेत. आई घरातच आहे.