हवा विकत घेताय? आधी खोलीचं दार लावा!

"याच्यातून थंडी हवा येते का वं?"

खोक्यातून बाहेर काढलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र मशिनकडे बघून आईनं विचारलेला हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं.

"मग गरम येते?"

"नाही गं. साफ हवा येते."

आईनं खिडकीतून गडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "रामटेकात?"

तर सीन असा. दादा पुण्यात आयटीत, मी नागपुरात, आणि आई रामटेकच्या जुन्या घरात. तिला दमा आहे. दिवाळी आटोपून थंडी पडली की तिचा खोकला सुरू होतो आणि रात्री दोन-तीनदा उठून बसावं लागतं. गेल्या थंडीत इनहेलरचे डोस वाढले, तेव्हापासून दादाच्या डोक्यात घोळत होतं, 'आपण काहीतरी केलं पाहिजे.' लांब राहणाऱ्या मुलांचं 'काहीतरी' म्हणजे बहुतेक वेळा ऑनलाइन ऑर्डर. या दिवाळीला एअर प्युरिफायर थेट दारात! आणि माझ्याकडे काम काय, तर शनिवारी जाऊन तो लावून द्यायचा. ऑफिसातल्या एका मित्राकडून हवेतले कण मोजायचं हातात मावणारं मीटर उसनं घेतलं आणि निघाले. आपण कॉर्पोरेट माणसं, आकडा दिसल्याशिवाय पटत नाही ना!

रामटेक म्हणजे नागपूरकरांचा हक्काचा वीकेण्ड. गडमंदिर, खिंडसीचं बोटिंग, कालिदास स्मारक, पलीकडे पेंचचं जंगल. तिथं हवा खायला जायचं असतं, हवा धुवायला नाही! पण रस्त्यानं जाताना जरा डोळे उघडे ठेवले की चित्र बदलतं. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं. मौद्याला एनटीपीसीचं २,३२० मेगावॅटचं केंद्र. रामटेकच्या अलीकडे, हायवेला लागून मनसर, जिथं मॉइलची मॅंगनीजची खाण आहे, आणि जवळच कांद्रीची. हायवेवर रात्रंदिवस ट्रक. त्यात थंडीत संध्याकाळी गल्लोगल्ली शेकोट्या, पहाटे अंघोळीच्या पाण्यासाठी मागच्या अंगणात पेटलेल्या चुली, आणि झाडून गोळा केलेल्या पाल्यापाचोळ्याला लावलेली काडी. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वरची त्यामानानं उबदार. झाकण ठेवल्यासारखा तो धूर खालीच बसून राहतो. सकाळी गडावरून खाली बघितलं की गावावर जो निळसर पडदा दिसतो ना, त्याला आपण कौतुकानं धुकं म्हणतो. सगळंच धुकं नसतं ते!

मोबाइलवर बघाल तर नागपूरचा आकडा हिरवा असतो, 'समाधानकारक'. इथं एक गोची आहे. २०१५ मध्ये आलेल्या आपल्या हवा निर्देशांकात पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत 'समाधानकारक' धरले जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली चोवीस तासांची मर्यादा आहे १५. म्हणजे अ‍ॅप हिरवं आणि आईची छाती भरलेली, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. नागपूरचं नाव २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, ते उगाच नाही.

पहिल्या दिवशी पार फजिती

मोठ्या हौसेनं मशिन लावलं ते हॉलमध्ये. आमचं घर जुनं, समोरचा भाग कवेलूचा. दिवसभर माणसांचा राबता, पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं. मशिन फुल स्पीडला घोंघावतंय, आई टीव्हीचा आवाज वाढवतेय, आणि मीटरवरचा आकडा? ढिम्म. तासभर, दोन तास... जागचा हलायला तयार नाही. दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याचा निष्कर्ष तयारच होता, 'पीस डिफेक्टिव्ह आहे, रिटर्न कर.'

पण बॉस, पीस चांगला होता. चूक आमची होती.

ही मशिन काय करते, ते अगदी साधं आहे. आत एक पंखा आणि पंख्यासमोर घड्या घातलेला जाड फिल्टर. पंखा खोलीतली हवा ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, परत खोलीत सोडतो. बस्स! चांगल्या मशिनमध्ये हा फिल्टर 'हेपा' जातीचा असतो. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवायला जे फिल्टर बनले, त्यांचा हा वंशज. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवायचे, असा त्याचा अमेरिकी दंडक. गंमत म्हणजे ०.३ पेक्षा बारीक कण त्याला आणखी सोपे जातात. तो पिठाच्या चाळणीसारखा चालत नाही. अतिबारीक कण हवेत वेडेवाकडे भिरभिरत असतात आणि भिरभिरता भिरभिरता धाग्यांना चिकटतात. अडचणीचा माप ०.३ चाच, म्हणून परीक्षा त्यावर.

म्हणजे फिल्टर चोख. पण तो गाळतो ती खोलीतली हवा. कवेलूच्या फटींतून आणि दोन उघड्या दारांतून सतत नवी हवा आत येत असेल, तर तुम्ही अख्खं रामटेक गाळायला बसलात! खालून भोक असलेली बादली नळाखाली ठेवण्यातला प्रकार.

रात्री मशिन उचललं आणि मागच्या स्लॅबच्या खोलीत नेलं, जिथं आई झोपते. दार लावलं, खिडक्या लावल्या, दाराखालच्या फटीला जुनं लुगडं गुंडाळून लावलं. अर्ध्या तासात मीटरचा आकडा पाव हिश्शावर! मी दादाला फोटो पाठवला. आई म्हणाली, "लुगड्यानं झालं असंन." अगदीच चूक नव्हती ती.

खोली किती, मशिन केवढं?

दुकानात सेल्समन हमखास म्हणतो, 'मॅडम, ४०० स्क्वेअर फूट कव्हर करते.' त्यावर जाऊ नका. खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा शोधा. मशिन तासाला किती घनमीटर साफ हवा देते, तो हा आकडा. आता हिशेब. आईची खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. म्हणजे १,२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. खोलीतली हवा तासाला पाचदा गाळली जावी असं धरलं, तर ३४ गुणिले ५, म्हणजे १७० सीएडीआर हवा. आणि हा आकडा फुल स्पीडचा असतो. झोपताना आवाज नको म्हणून तुम्ही 'स्लीप मोड'वर टाकलं की तो निम्म्याच्याही खाली येतो. म्हणून गरजेपेक्षा मोठं मशिन घ्यायचं आणि हळू चालवायचं, हा खरा फंडा. 'कव्हर करते' वाल्या दाव्यात बहुतेक वेळा तासाला दोनेक फेऱ्याच धरलेल्या असतात.

खर्चाचं म्हणाल तर छोटी मशिन सहा ते दहा हजारांत येतात. वीज फार खात नाही. ४० वॉटचं मशिन रोज दहा तास चाललं तर महिन्याला १२ युनिट. कापतो तो फिल्टर! सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो आणि एकेकाचे दीड ते तीन हजार. म्हणून मशिनची किंमत विचारायच्या आधी फिल्टरची विचारा, आणि तो दोन वर्षांनी मिळणार आहे का, तेही. प्रिंटर स्वस्त आणि कार्ट्रिज महाग, हा धडा आपल्या ऑफिसनं आपल्याला शिकवलेलाच आहे. 'आयोनायझर', 'प्लाझ्मा' वगैरे चमकदार शब्दांना तर सरळ टाटा करा. त्यातली काही मशिन ओझोन सोडतात आणि ओझोन दमेकऱ्याला चक्क घातक.

आणि काय जमत नाही, तेही ऐका. खाणीची, रस्त्याची जाड धूळ मशिनपर्यंत पोचेपर्यंत फर्निचरवर बसते. दहा मायक्रॉनचा कण शांत हवेत दीड मीटरवरून आठेक मिनिटांत खाली येतो. अडीच मायक्रॉनच्या कणाला दोन तास लागतात, धुराचे त्याहून बारीक कण तर रात्रभर तरंगत राहतात. तेव्हा धुळीला ओलं फडकं आणि धुराला प्युरिफायर, अशी वाटणी. गॅसच्या शेगडीतून निघणारे वायू हेपा अडवत नाही. त्यासाठी जो कोळशाचा थर असतो तो छोट्या मशिनमध्ये नावापुरता. स्वयंपाकघरात मिरचीच्या फोडणीला उत्तर एकच, एक्झॉस्ट फॅन. बंद खोलीत श्वासानं साठणारा कार्बन डायऑक्साइडही हे मशिन कमी करत नाही, त्यामुळे दुपारी धूर नसताना खिडक्या उघडायच्याच. शेगडी पेटवून खोली बंद करणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे, कार्बन मोनॉक्साइडपुढे प्युरिफायर बिनकामाचा.

मग झाडं ठेवू का? हा प्रश्न येतोच. १९८९ च्या नासाच्या प्रयोगावर नर्सरीवाल्यांनी भरपूर धंदा केला. तो प्रयोग हवाबंद पेटीत होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा निघालं की घरातली वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. आईच्या तुळशीला अर्थातच हे लागू नाही. तिचं खातं वेगळं.

आरोग्याला फरक पडतो का? शांघायमध्ये ३५ निरोगी कॉलेजकुमारांवर झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये छापून आला. ४८ तास होस्टेलच्या खोल्यांत खरे आणि खोटे प्युरिफायर आलटून पालटून लावले. खऱ्या मशिननं पीएम २.५ ५७ टक्क्यांनी उतरलं, सूज दाखवणारे रक्तातले घटक आणि रक्तदाबही थोडा उतरला. हे उत्साह वाढवणारं आहे, पण ते दोन दिवसांचं आणि तरुण पोरांचं. दम्याच्या बाबतीत मात्र प्युरिफायरचे निकाल संमिश्र आहेत. काहींना बरं वाटतं, काहींना फरक नाही. त्यामुळे इनहेलर सोडून मशिन, हा सौदा कोणी करू नये. आईच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, आणि वर एक प्रश्न विचारला, जो दादाला आणि मला कधी सुचलाच नव्हता.

"रात्री मच्छरासाठी काय लावता?"

कॉइल!

बंद खोलीत, पलंगाखाली, रात्रभर. सकाळ-संध्याकाळ देवघरात उदबत्ती, धूप, तेही त्याच खोलीच्या कोपऱ्यात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं, एक कॉइल जळताना जेवढे पीएम २.५ कण सोडते तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात. मनसरच्या खाणीला आणि कोराडीच्या चिमण्यांना नावं ठेवत आम्ही दहा हजारांचं मशिन आणलं, आणि पलंगाखाली गिरणी चालू! त्या रविवारी मी मीटर घेऊन मुद्दाम एक कॉइल पेटवून बघितली. आकडा असा काही सुटला की आईनं स्वतःच उठून ती पाण्यात बुडवली. मला वाटतं, सगळ्या प्रकरणात मीटरचा खरा उपयोग तेवढाच झाला.

सोमवारी बाजारातून मच्छरदाणी आणली. मशिनच्या तुलनेत फुकटच म्हणायची. उदबत्तीवर मात्र वाटाघाटी झाल्या. "देवाले काय सांगू, मीटर आहे म्हणून?" शेवटी देवघर हॉलमध्ये हललं, कवेलूखाली, जिथं धूर आपोआप वर निघून जातो. ज्या फटींनी प्युरिफायरला हरवलं त्याच इथं कामी आल्या. मागच्या अंगणातली चूल बंद करून गीझर बसवायचं ठरलं, त्याचे पैसे मी देणार.

एवढं झाल्यावर प्युरिफायर हवा का? मी म्हणेन, आमच्या केसमध्ये हो, पण आधी नाही, शेवटी. शेजारची चूल आपण बंद करू शकत नाही, गल्लीतली शेकोटी तर नाहीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रात्री दहा ते सकाळी सात, बंद खोलीत, दमा असलेल्या माणसासाठी तो पैसे वसूल करतो. माझ्यासारख्या धडधाकट नोकरदारासाठी, जिचा दिवसातला सगळ्यात घाणेरडा पाऊण तास स्कूटीवर जातो, पहिली खरेदी एन-९५ मास्क. तो तोंडावर नीट घट्ट बसणारा हवा, स्कार्फ नव्हे. नागपुरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी अजून प्युरिफायर घेतलेला नाही.

आणि उन्हाळ्याचं काय? हा प्रश्न दिल्लीवाल्यांच्या रिव्ह्यूत कुठंच सापडत नाही, कारण त्यांना विदर्भाचा कूलर माहीत नाही. कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि ती निघून जायला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. प्युरिफायरला खोली बंद लागते. एका खोलीत दोघं नांदूच शकत नाहीत! कूलरच्या ओल्या वाळ्यात थोडी जाड धूळ अडकते, धूर अडकत नाही. एसी असेल तर गोष्ट वेगळी, स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्याच्यासोबत प्युरिफायर जमतो. पण आईला एसीनं सांधे धरतात. तेव्हा मार्च लागला की कूलर खाली आणि प्युरिफायर माळ्यावर.

परवा फोन केला तेव्हा विचारलं, रात्री उठावं लागतं का अजून? म्हणाली, "काल एकदाच." मग लगेच, "पण तो निळा लाइट डोळ्यावर येते नं, म्हणून मी त्याच्यावर टॉवेल टाकते."

"कुठं टाकते? जाळीवर तर नाही ना?"

पलीकडे जरा वेळ काही बोलणंच नाही. येत्या शनिवारी परत जातेय. लाइटवर चिकटवायला काळी टेप घेतली आहे.