न्यूयॉर्कचा एक पडेल उमेदवार

काँग्रेस म्हटले की आपल्या मनापुढे प्रथम एक पक्ष उभा राहतो. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे तेथील संसद. तिची दोन सभागृहे. त्यांपैकी प्रतिनिधिगृहाचे सभासद ४३५. एकेका मतदारसंघातून एकेक सभासद निवडावयाचा आणि ज्याला सर्वांत अधिक मते तो निवडून आला, हा हिशेब आपल्या लोकसभेसारखाच. फरक आहे तो मुदतीचा. आपला खासदार पाच वर्षांकरिता जातो, तेथील प्रतिनिधी अवघ्या दोन वर्षांकरिता. तेव्हा आज पडलेला मनुष्य दोन वर्षांनी पुन्हा दारात हजर! ज्या गृहस्थांची हकीगत आम्हांस येथे सांगावयाची आहे, त्यांच्या बाबतीत या गोष्टीला फार महत्त्व आहे.

प्रत्येक गावात असा एखादा उमेदवार असतो. तो दर निवडणुकीला उभा राहतो आणि दर निवडणुकीला पडतो. लोक त्याला हसतात. ‘अनामत तरी वाचवा,’ असे चहाच्या दुकानात त्याला ऐकवतात. या हसण्यामागे एक समजूत असते, ती अशी की पहिला पराभव आणि तिसरा पराभव या एकाच प्रकारच्या गोष्टी आहेत. ही समजूत कितपत खरी आहे, हे न्यूयॉर्कच्या एका मतदारसंघाच्या इतिहासावरून पाहता येईल.

मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाजवळ पूर्वेच्या अंगाला लोअर ईस्ट साइड नावाचा भाग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो जगातील अत्यंत दाट वस्तीच्या भागांपैकी एक गणला जात असे. रशिया आणि पोलंडमधून आलेली ज्यू कुटुंबे तेथील चाळवजा इमारतींत दाटीवाटीने राहत, यिद्दिश भाषा बोलत आणि बहुधा शिवणकामावर पोट भरत. या भागाचे राजकारण टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या शहरातील संघटनेच्या मुठीत होते. टॅमनीचे तत्त्वज्ञान फार सोपे. हिवाळ्यात कोळसा, मुलाला नोकरी, हातगाडीचा परवाना हवा, तर टॅमनीच्या माणसाकडे जावे आणि मतदानाच्या दिवशी त्याची आठवण ठेवावी. या टॅमनीच्या कृपेने हेन्री गोल्डफोगल हे गृहस्थ १९०१ पासून येथील प्रतिनिधी होते. तेही ज्यूच होते; म्हणजे जातीच्या नावावर त्यांना पाडण्याची सोय नव्हती.

समाजवादी पक्षाने प्रथम येथे मॉरिस हिलक्विट यांना उभे केले. हिलक्विट मोठे विद्वान, पक्षाचे अग्रगण्य पुढारी. १९०६ साली ते पडले, १९०८ साली पुन्हा पडले. मी येथील ज्यूंचा म्हणून नव्हे, तर साऱ्या कामगारवर्गाचा प्रतिनिधी म्हणून उभा आहे, अशी त्यांची भूमिका. तत्त्वाला धरूनच होती ती. परंतु त्या काळी त्यांच्याच पक्षात परदेशी मजुरांना अमेरिकेचे दार बंद करावे असे म्हणणारे वजनदार लोक होते आणि ज्याची बहीण वा भाऊ अजून रशियातच अडकलेला आहे, त्या मतदाराला या प्रश्नापुढे दुसरे तत्त्व कसे दिसावे?

१९१० साली उमेदवार बदलला. मेयर लंडन यांचा जन्म १८७१ चा, रशियन साम्राज्यातील पोलंडचा. त्यांचे गाव आता लिथुएनियात आहे. १८९१ साली ते न्यूयॉर्कला आले, पुढे कायदा शिकून १८९८ पासून वकिली करू लागले. बिऱ्हाड त्याच वस्तीत, अशिले तीच. १९१० च्या उन्हाळ्यात झगे व कोट शिवणाऱ्या सुमारे साठ हजार कामगारांचा प्रचंड संप झाला, तेव्हा संघटनेचे वकील लंडनच होते. लुई ब्रँडाइस यांच्या मध्यस्थीने सप्टेंबरात तो मिटला आणि नोव्हेंबरात निवडणूक आली. लंडन पडले. १९१२ साली मतदारसंघांची फेरआखणी होऊन नवव्याचा बारावा झाला. लंडन पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. मतमोजणीत लबाडी झाल्याची ओरड समाजवाद्यांनी केली. टॅमनीचा लौकिक पाहता ती अगदीच निराधार असेल असे आम्हांस वाटत नाही.

मात्र या चार वर्षांत एक काम मुकाट्याने चालू होते. येथील बहुसंख्य प्रौढ लोकांना मतच नव्हते. नव्याने आलेला मनुष्य नागरिक होईपर्यंत काही वर्षे जात, आणि नागरिक झाला तरी मतदारयादीत नाव घालण्याची खटपट त्याने स्वतः करावयाची. स्त्रियांना तर न्यूयॉर्क राज्यात १९१७ पर्यंत मताधिकारच नव्हता. सभेला पाच हजार लोक जमले आणि पेटीत पाचशे मते पडली, तर तो सभेचा दोष नव्हे. यावर उपाय एकच, लोकांना नागरिक करावयाचे आणि यादीत आणावयाचे. शिवणकामगारांच्या संघटना आणि अब्राहम काहान यांचे ‘फॉरवर्ड’ हे यिद्दिश दैनिक यांचे बळ येथे उपयोगी पडले. दोन वर्षांनी पुन्हा तोच उमेदवार येणार हे ठाऊक असले, म्हणजे अशा कामाला धर राहतो. नवा उमेदवार दर वेळी पहिल्यापासून ओळख करून देत बसतो.

१९१४ साली लंडन निवडून आले. त्यांना सुमारे सहा हजार मते पडली. गोल्डफोगल हजारभर मतांनी मागे राहिले. श्रोत्यांनी या आकड्याकडे अवश्य लक्ष द्यावे. आपल्याकडच्या लाखालाखांच्या मताधिक्यांची सवय असलेल्या कानांना सहा हजार हा आकडा नगरपालिकेचा वाटेल! पण मतदार थोडे होते म्हणूनच यादीतले एकेक नवे नाव मोलाचे होते.

निवडून गेल्यावर ४३५ जणांत हे एकटे समाजवादी. त्यांच्यापूर्वी मिल्वॉकीचे व्हिक्टर बर्जर हे एकच समाजवादी त्या सभागृहात पोचले होते. एकट्याने काय करावयाचे? लंडन यांनी बेकारी, आजार आणि वार्धक्य यांसाठी राष्ट्रीय विम्याची योजना आखण्याकरिता आयोग नेमावा, असा ठराव मांडला. १९१६ साली समितीपुढे त्यावर साक्षी झाल्या आणि प्रकरण तेथेच विरले. बेकारी विमा आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन अमेरिकेच्या राष्ट्रीय कायद्यात आले ते १९३५ साली.

१९१६ साली ते पुन्हा निवडून आले. मग युद्ध आले. एप्रिल १९१७ मध्ये जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याचा ठराव प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध ५० मतांनी मंजूर झाला. त्या पन्नासांत लंडन होते. डिसेंबरात ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्धच्या ठरावाला ३६५ अनुकूल आणि एक प्रतिकूल. ते एक मत त्यांचे. इतके करूनही युद्धखर्चाच्या प्रत्येक मागणीला त्यांनी कडकडून विरोध केला नाही म्हणून पक्षातले जहाल त्यांच्यावर रुष्ट, मुळात विरोध केलाच म्हणून देशभक्त रुष्ट आणि ज्यू राष्ट्रवादाचा कैवार घेतला नाही म्हणून झायनवादीही रुष्ट. सर्वांनाच नाराज करण्याची ही किमया फार थोड्यांना साधते.

आता प्रस्थापितांनी उत्तर कसे दिले ते पाहू. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याप्रमाणे एकाच उमेदवाराला दोन पक्ष आपला म्हणून उभा करू शकतात. मतपत्रिकेवर त्याचे नाव दोन्ही ठिकाणी येते आणि दोन्हीकडची मते एकत्र मोजली जातात. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्ष १९१८ साली या सोयीने एक झाले. उमेदवार कोण? तेच गोल्डफोगल! लंडन पडले. तिरंगी सामन्यात विरोधी मते फुटतात आणि तिसऱ्याला वाट सापडते. ती वाट अशी बुजवली गेली. आम्हांस तर हा त्यांच्या आधीच्या चिकाटीचा सर्वांत मोठा गौरव वाटतो, कारण अनामत घालवणाऱ्या उमेदवारासाठी कोणी युती करीत नाही.

१९२० साली पुन्हा तीच जोडी समोरासमोर आली आणि या वेळी लंडन जिंकले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेने रीतसर निवडून आलेल्या पाच समाजवादी सभासदांना केवळ त्यांच्या पक्षामुळे हाकलून लावले होते. त्या चिडीचा लंडन यांच्या विजयात वाटा असावा, असा आमचा तर्क आहे. मते देऊन पाठवलेला माणूस परत धाडला, की ज्यांनी कधी सभेला पाय लावला नाही तेही पेटीपर्यंत चालत जातात.

युतीने भागले नाही तेव्हा नकाशा काढला गेला. राज्याच्या विधिमंडळाने मतदारसंघाच्या सीमा अशा बदलल्या की १९२२ साली लंडन यांचे पूर्वीचे मतदार एकत्र राहिलेच नाहीत. डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युएल डिकस्टीन निवडून आले आणि १९४५ अखेरपर्यंत त्या जागेवर राहिले. भाषणाला भाषणाने उत्तर देता येते, युतीलाही कधी मतांनी उत्तर देता येते, पण शेजारची गल्लीच दुसऱ्या मतदारसंघात गेली तर उमेदवाराने कोणाच्या दारावर थाप मारावी? हिलक्विट यांनीही शहराच्या दुसऱ्या भागातून १९१६, १९१८ आणि १९२० अशा आणखी तीन निवडणुका लढवल्या. त्यांना प्रतिनिधिगृहाचा उंबरठा कधीच ओलांडता आला नाही. विद्वत्तेत आणि पक्षातील मानात लंडन त्यांच्या जवळपासही नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे.

६ जून १९२६ रोजी न्यूयॉर्कमध्ये रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून लंडन गेले. चालक गरीब आहे, त्याच्यावर खटला भरू नका, असे त्यांनी अखेरच्या घटकेस सांगितल्याचे सांगतात. त्यांच्या अंत्ययात्रेला ईस्ट साइडचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. त्या गर्दीत अजून मत नसलेलेही पुष्कळ असणार.