प्रतिकृती रंगविताना रंगाची प्रकृती ओळखा
विमाने, रणगाडे यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती एअरब्रशने रंगविताना फसगत होते ती बहुधा रंग पातळ करताना. ‘अ‍ॅक्रिलिक’ हे नाव एकच असले, तरी रंगांची प्रकृती भिन्न असते. जपानच्या तामिया कंपनीच्या अ‍ॅक्रिलिक रंगांना अल्कोहोल चालते. स्पेनच्या वायेहो कंपनीच्या रंगांत तेच मिसळल्यास गुठळ्या होऊन नोझल तुंबू शकते. म्हणून ज्या कंपनीचा रंग, तिचेच थिनर वापरणे श्रेयस्कर. मिश्रण दुधाइतके पातळ असावे, हवेचा दाब साधारणतः १५ ते २० पीएसआय ठेवावा आणि एका जाड थराऐवजी अनेक विरळ थर द्यावेत. रंग पाण्यात मिसळणारा असला, तरी त्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसांत जातात. त्यामुळे खेळती हवा आणि योग्य मास्क यांना पर्याय नाही.