आधी गहू, मग मसाला

मस्कतमधला तो माझा पहिला रमजान. यांची ड्युटी दुपारपासून रात्रीपर्यंत, त्यामुळे इफ्तारला मी एकटीच. पहिल्याच रोजाला मगरिबच्या थोडं आधी शेजारच्या ओमानी खालांनी एक वाडगा पाठवला. पांढरट, चिकट, वर तूप. "हरीस," त्यांचा नातू म्हणाला. चाखलं आणि वाटलं, हा तर मसाला विसरलेला हलीम! मी कांदा आणि गरम मसाला परतून त्यात घातला आणि मगच खाल्ला.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्या परभणीच्या घरात शिकलेलं. दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये शिट्ट्या काढून मी हलीम केला आणि त्याच वाडग्यातून पाठवला. रात्री खाला स्वतः दारात आल्या. बाजारात भारतीय दुकानदारांशी बोलून त्यांना कामापुरती हिंदी येते. म्हणाल्या, "मसाला अच्छा है, बेटी. गेहूँ किधर है?"

मला वाईट वाटलं. पण त्यांचं खरं होतं. अम्मी हलीम करायची तेव्हा माझ्याकडे काम असायचं कांदा तळायचं. मसाल्याचं प्रमाण मी वहीत लिहून घेतलं होतं. घोटाई मात्र ती स्वतःच करायची. "पुढच्या वर्षी शिकवते," म्हणायची. ते पुढचं वर्ष आलंच नाही. अल्लाह तिची मगफिरत करो.

खालांनी बोलावलं, "आज रात को भिगाओ. कल जोहर के बाद आओ."

अर्धा किलो सडलेला गहू रात्रभर भिजवलेला, तेवढंच हाडासकट बकऱ्याचं मटण, दालचिनीचा एक तुकडा आणि मीठ. बस्स. सगळ्याच्या वर चार बोटं पाणी. एक उकळी येऊन फेस काढला की आच अगदी मंद. मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडायची आणि खाला हसून म्हणायच्या, "शवय शवय", म्हणजे हळूहळू. पाणी आटलं तर फक्त गरम पाणीच घालायचं.

चारएक तासांनी दाणा फुटून मऊ झाला. हाडं वेचून काढली आणि त्यांनी माझ्या हातात लाकडी घोटणा दिला. त्याला तिथे मिदराब म्हणतात. भांडं पायांत धरायचं आणि कडेला दाबून घोटत राहायचं. रोजा असल्याने चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. खाला डोळ्यांनीच ओळखायच्या: घोटणा वर उचलल्यावर गोळा सुटून पडू नये, ओढल्यासारखा लांबत यावा. माझे खांदे भरून आले, तेव्हा कुठे मटणाचे धागे गव्हात मिसळून गेले.

हा पदार्थ आपल्याला परका नाही. दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाकग्रंथातही तो आहे. निजामाच्या फौजेत यमनच्या हद्रमौत भागातून अरब आले. मराठवाड्यातली चाऊश कुटुंबं त्यांचेच वंशज. त्यांच्याबरोबर हरीस हैदराबादेत रुजला. तिथे त्यात डाळी आणि मसाले पडले, आणि आपला हलीम झाला. 2023 मध्ये ओमान, संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरब यांच्या हरीसची युनेस्कोच्या वारशाच्या यादीत नोंद झाली.

त्या संध्याकाळी मी खालांच्याच दस्तरखानावर रोजा सोडला. या वेळी वरून मसाला घातला नाही. गव्हाची गोडी पहिल्यांदा जिभेला कळली.

रात्री अब्बांना व्हिडिओ कॉल केला आणि विचारलं, "अम्मी कशाने घोटायची?" ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि माळ्यावरून लाकडी घोटणा काढून आणला. धूळ पुसत म्हणाले, "ईदला येशील ना? तोवर तेल लावून ठेवतो."