पोट नसलेल्यांची पेंड

शिरूर-दौंडकडच्या गोठ्यात संध्याकाळी डोकावलात, तर भिजवलेल्या सरकीच्या पेंडीत तोंड खुपसून बसलेली म्हैस हमखास दिसेल. आता अशीच पेंड कुणाला तरी खाऊ घालायची आहे, पण त्याला ना दात, ना जीभ, ना पोट. आणि आकार? सुमारे 70 जणांना एका ओळीत उभं केलं, तर कुठे एक मिलिमीटर भरतो!

थट्टा नाही करत. हे खवय्ये म्हणजे प्राण्याच्या सुट्या पेशी. त्यांच्याकडून औषधं बनवून घेतात.

दौंडहून पुण्याच्या गाडीत बसा. पाटस, केडगाव, यवत, उरुळी, लोणी... मग मांजरी. या मांजरी-हडपसर भागात 1966 साली स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट आहे. धनुर्वातावरचं औषध ते तेव्हा घोड्यांच्या रक्तातून काढत. आता त्यांचंच रॅबिशील्ड नावाचं औषध आहे. पिसाळलेला कुत्रा चावला की लशीसोबत ते जखमेत टोचतात. त्यात रेबीजच्या विषाणूला धरून ठेवणारं प्रथिन असतं, आणि ते बनवायला घोडा लागत नाही. बनवतात त्या या पेशी.

पेशी कुणाच्या, माहितेय? चायनीज हॅमस्टरच्या. म्हणजे उंदराच्या भाऊबंदांपैकी एक प्राणी. 1957 साली अमेरिकेत थिओडोर पक या शास्त्रज्ञाने एका हॅमस्टर मादीच्या अंडाशयातून पेशी घेऊन वाढवल्या. ती मादी केव्हाच गेली, पण तिच्या पेशींचा वंश अजून वाढतोच आहे! स्टीलच्या मोठ्या टाकीत, 37 अंश तापमानात, दिवसभरात साधारण दुप्पट.

एवढ्या कामकऱ्यांना जेवण नको? विषाणूला धरणारं असं एक प्रथिन म्हणजे 1300 च्या आसपास अमिनो आम्लांच्या माळा. मणीच नसतील, तर माळ ओवणार कशाची?

पूर्वी पेशींच्या जेवणात न जन्मलेल्या वासराच्या रक्तातला द्रव घालत. पेशी खूश असायच्या. पण 1986 मध्ये ब्रिटनमध्ये गाईंना मेंदू पोखरणारा रोग असल्याचं कळलं, आणि सगळ्यांना धास्ती बसली: रक्तातून हा रोग औषधात शिरला तर? मग शोध सुरू झाला झाडांकडे. सोयाबीन, गहू, सरकी!

सोयाबीनमध्ये साधारण 40 टक्के प्रथिन. तेल काढून घेतलं की उरलेल्या पेंडीत ते आणखी वाढतं. पण पेशीला अख्खं प्रथिन गिळता येत नाही. म्हशीचं पोट जे काम करतं, ते इथे कारखान्याला करावं लागतं. त्यासाठी वापरतात विकर, म्हणजे प्रथिनं कापणारी कात्री. त्यातलं एक पपेन, कच्च्या पपईच्या पांढऱ्या चिकातलं. मटण लवकर शिजावं म्हणून घरी कच्च्या पपईचा कीस लावतात ना? तिथेही हेच पपेन काम करतं. कापून झालेले बारीक तुकडे गाळायचे, सुकवायचे, की झाली पिवळसर पावडर. तीच चिमूटभर पेशींच्या जेवणात घालायची.

आता खरी गंमत. शेतातलं पीक काही दरवर्षी सारखं नसतं. पाऊस कमी-जास्त झाला, जमीन बदलली, वाण बदललं की सोयाबीनमधले घटकही थोडे बदलतात. आपल्याला ते कळणार नाही, पेशींना बरोब्बर कळतं. एका खेपेच्या पावडरीवर त्या भराभर प्रथिनं बनवतात, दुसऱ्या खेपेवर आळसावतात. म्हणून बऱ्याच कंपन्या आता प्रत्येक घटक वेगळा मोजून घातलेलं जेवण वापरू लागल्या आहेत. तरी कित्येक ठिकाणी वनस्पतींची पावडर टिकून आहे, कारण ती घातली की पेशी जोमानं कामाला लागतात. मात्र नवी खेप आली की आधी लहानशा भांड्यातल्या पेशींना चाखायला देतात. त्यांनी नाक मुरडलं, तर सगळी पोती परत!