आयरिश बँजो किती आयरिश?

बँजो म्हटलं की आपल्याला आठवते गणपतीची मिरवणूक आणि बटणं दाबून वाजवायचं ते वाद्य. ते खरं तर जपानी ताइशोगोतोच्या घराण्यातलं. त्याने बँजोचं नुसतं नाव उसनं घेतलंय. मी सांगतोय तो बँजो आयर्लंडच्या लोकसंगीतातला. 'द डब्लिनर्स'ची गाणी ऐकल्यापासून हा माझ्या डोक्यात बसलाय.

दिसायला कसा, तर डफाला लांब दांडी लावून वर चार तारा ओढाव्यात तसा. घोडीखाली लाकडाची फळी नाही, ताणलेलं कातडं. हल्ली बहुतेक प्लास्टिकच असतं, कारण दमट हवेत कातडं उतरतं. (पावसाळ्यात ढोलकीवाल्यांना विचारा!) आता व्हायब्रेशन्सचा पेपर दिलेल्यांसाठी: हा पडदा इतका हलका की तारेतली ऊर्जा झटकन खेचतो आणि हवेत फेकून मोकळा होतो. म्हणून आवाज खणखणीत, पण आयुष्य एवढंसं. गिटारचा सूर रेंगाळतो, बँजोचा 'टण्' की संपला. व्हायोलिनवाला गज ओढून सूर हवा तेवढा लांबवेल. बँजोवाल्याने काय करायचं? तो एका सुराच्या जागेत पिकने तीन ठोके भरतो. याला म्हणतात ट्रिपलेट. रीलमध्ये मध्येच 'टर्रर्र' ऐकू येतं ना, ते हेच. माझ्या मते आयरिश बँजोची सगळी गंमत या 'टर्रर्र'मध्ये आहे.

पण वाद्य मूळचं आयरिश नाहीच. गुलाम करून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकन लोकांनी भोपळ्यावर कातडं ताणून ते घडवलं. पुढे गोऱ्यांनी ते उचललं, आणि तेही तोंडाला काळं फासून गुलामांची टिंगल करणाऱ्या खेळांसाठी. व्हर्जिनियाचा जोएल स्वीनी असेच खेळ घेऊन १८४० च्या दशकात ब्रिटन-आयर्लंडला गेला. पाचवी तार त्यानेच शोधली असं बऱ्याच ठिकाणी छापून येतं; पण ती आखूड तार त्याच्या जन्माआधीच्या चित्रातसुद्धा दिसते. श्रेय कुणाचं आणि नाव कुणाचं!

चार तारांचा टेनर बँजो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन डान्स बँडसाठी आला. न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या फ्लॅनागन बंधूंनी १९२० च्या दशकात त्यावर आयरिश धून रेकॉर्ड केल्या. आज सगळे वापरतात ते ट्यूनिंग मात्र रूढ केलं डब्लिनर्सच्या बार्नी मॅकेनाने (१९३९-२०१२), म्हणजे १९६० च्या दशकात. जी-डी-ए-ई, व्हायोलिनच्या बरोबर एक सप्तक खाली. त्यामुळे व्हायोलिनची धून त्याच तारांवर, त्याच क्रमाने वाजते. फक्त बँजोचे पडदे लांब-लांब, त्यामुळे करंगळीचा जीव जातो.

मॅकेनाची 'द मेसन्स एप्रन' मिळवून ऐका. पहिल्यांदा नुसती ऐका, दुसऱ्यांदा ट्रिपलेट मोजायचा प्रयत्न करा. मी अजून मोजतोय.